इंग्रजी वाचताना सगळं कळतं, बोलताना-लिहिताना शब्दच सापडत नाही. ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी कशी वाढवायची?

जाईजुई_लातूर (३ ऑगस्ट, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते, आज विचारतेच.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. पहिलीपासून इंग्रजी होतं पण बाई सगळं मराठीतूनच समजावायच्या, आणि त्या फार प्रेमाने शिकवायच्या त्यामुळे त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आता पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, वय २९, यंदा टीम लीड झाले. कामापुरतं इंग्रजी येतं. पेपरातला अग्रलेख वाचला तर नव्वद टक्के कळतो. पण लिहायला किंवा बोलायला लागलं की तेच ते गुड, बॅड, इम्पॉर्टंट, व्हेरी, प्रॉब्लेम. गेल्या आठवड्यात क्लायंट कॉलवर मला सांगायचं होतं की हा बदल नुसता वरवरचा आहे, मूळ दुखणं तसंच आहे. मी म्हटलं "इट इज नॉट अ गुड चेंज". शेजारचा मुलगा म्हणाला "इट्स अ कॉस्मेटिक चेंज" आणि पलीकडची सगळी माणसं एकदम हो हो म्हणाली. आता कॉस्मेटिक हा शब्द मला माहीत नव्हता का? होता की. दहादा वाचलाय. पण तोंडात आला नाही, आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

मागच्या वर्षी एक वही केली होती. ९०० शब्द आणि समोर मराठी अर्थ. ओबफस्केट, पर्निशस, युबिक्विटस असले. सहा महिन्यांनी उघडून पाहिलं तर चाळीसेक आठवत होते आणि त्यातला एकही मी कधी वापरलेला नव्हता. तर ज्यांनी मोठेपणी हे खरंच जमवलंय त्यांनी सांगा, नेमकं काय केलंत? क्लास लावायचा नाहीये, रोजचा अर्धा तास देऊ शकते.

दुपारची_भाकरी (३ ऑगस्ट, रात्री १०:३१)

माझाच प्रश्न. वाचतेय, जागा पकडून बसले.

खारीबिस्किट (३ ऑगस्ट, रात्री ११:०५)

मी २००९ मध्ये जीआरई (परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीची परीक्षा) दिली होती तेव्हा साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ केली होती, तेव्हा पर्यायच नव्हता कारण पेपरात सरळ विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या विचारायचे. ऑगस्ट २०११ पासून ते दोन्ही प्रकार काढून टाकले आणि आता वाक्यात किंवा परिच्छेदात रिकामी जागा देतात. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनीही सुटा शब्द विचारणं सोडलं. तरीही मी यादीला नावं ठेवणार नाही. त्या साडेतीन हजारांतले हजारभर माझ्याजवळ राहिले आणि ते कार्डांमुळे राहिले.

पद्धत सांगतो. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये लिहिलेली. पाच खोके घ्यायचे. सगळी कार्डं पहिल्या खोक्यात. पहिला खोका रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं वाढवत न्यायचं. शब्द आठवला की कार्ड पुढच्या खोक्यात, विसरलात की सरळ परत पहिल्या खोक्यात. आता अंकी नावाचं ॲप हेच सगळं आपोआप करतं. जाईजुई, तुझी वही चुकली नाही, उजळणीचं वेळापत्रक नव्हतं एवढंच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात वेगाने गळतं, मग गळती मंदावते. त्या गळतीच्या आधी एकदा बघितलं की टिकतं.

निवृत्त_मास्तर (४ ऑगस्ट, सकाळी ६:४०)

जाईजुई बाळा, तुझ्या बाईंबद्दल जे लिहिलंस ते वाचून सकाळ छान झाली. मी सातारा जिल्ह्यात ३४ वर्षं इंग्रजी शिकवलं.

खारीबिस्किट म्हणतात ती उजळणी हवीच. पण काय उजळायचं हा माझा प्रश्न आहे. मायकेल वेस्ट म्हणून इंग्रज शिक्षक होते, त्यांनी आपल्या बंगालमध्ये ढाक्याला बरीच वर्षं काम केलं. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी छापली, रोजच्या मजकुरातले शंभरातले ऐंशी शब्द त्या दोन हजारांतच येतात. नंतर २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांतले ५७० शब्दगट (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक गट) काढले, त्यांत आणखी दहाएक टक्के मजकूर बसतो. तुला वाटेल हे तर मला येतात. अर्थ येतो गं, शब्द येतो का?

आता मराठीतलं बघ. आपण काळाकुट्ट म्हणतो, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक म्हणतो. कुणी हिरवाकुट्ट म्हटलं तर लहान पोरगंसुद्धा हसेल. हे नियम तुला कुणी शिकवले? कुणीच नाही. शब्द कानावर पडले ते जोडीने पडले. इंग्रजीत पाऊस हेवी असतो आणि वारा स्ट्राँग असतो, स्ट्राँग रेन कुणी म्हणत नाही. डिसिजन मेक करतात, रिस्क टेक करतात, कमिट करतात तो क्राइम आणि मिस्टेक मात्र मेक. तू वहीत शब्द एकटा लिहिलास आणि समोर मराठी अर्थ लिहिलास. तो बिचारा एकटाच राहिला, त्याला बोलवायला कुणी आलं नाही म्हणून तो विसरला. शब्द लिहायचा तो त्याच्या सोबत्यासकट लिही. कॉस्मेटिक लिहू नकोस, "प्युअरली कॉस्मेटिक चेंज" लिही.

पाटीपेन्सिल (४ ऑगस्ट, सकाळी ७:१५)

मास्तर, हिरवाकुट्ट वाचून खरंच हसले. आणि इतकी वर्षं मराठी बोलतेय, हे लक्षातच आलं नव्हतं.

साधं_सरळ (४ ऑगस्ट, सकाळी १०:०२)

मी जरा वेगळं मत मांडतो. ॲडव्हान्स्ड शब्द हवेतच कशाला? मी २२ वर्षं सरकारी पत्रव्यवहार केला. सगळ्यात चांगले अधिकारी सगळ्यात साधं इंग्रजी लिहायचे. ज्याला विषय कळलेला नसतो तो जड शब्द घालतो. "डू द नीडफुल" आणि "काइंडली रिव्हर्ट बॅक" लिहिणाऱ्यांच्या फायली मी वर्षानुवर्षं हलताना पाहिल्या नाहीत. जाईजुईताईंनी "नॉट अ गुड चेंज" म्हटलं त्यात चूक काहीच नव्हती.

जाईजुई_लातूर (४ ऑगस्ट, दुपारी १:२०)

साधं_सरळ काका, चूक नव्हती पण अपुरं होतं. गुड नाही म्हणजे काय नाही? महाग आहे? उशिरा झाला? धोक्याचा आहे? क्लायंटने पुढे तीन प्रश्न विचारले आणि मला तीन वाक्यं बोलावी लागली. कॉस्मेटिक म्हटल्यावर एका शब्दात काम झालं. मला जड शब्द नकोयत, नेमका हवाय. आईला "भाजी कशी झाली" विचारलं तर ती कधीच नुसती चांगली म्हणत नाही, ती म्हणते जरा पाणचट झालीय, किंवा करपट वास येतोय. मला इंग्रजीत ते पाणचट आणि करपट हवंय.

साधं_सरळ (४ ऑगस्ट, दुपारी १:४८)

हे पटलं. नेमका शब्द हवा असेल तर माझा विरोध मागे घेतो. पाणचट-करपटचं उदाहरण मी लक्षात ठेवणार.

ऑफस्टंप_बाहेर (४ ऑगस्ट, दुपारी ३:३०)

मास्तरांच्या जोडीच्या मुद्द्यावर माझा अनुभव. मी मिरजेचा, आमच्याकडे आकाशवाणीवर कसोटीची कॉमेंट्री लागायची, थोडा वेळ हिंदी थोडा वेळ इंग्रजी. हिंदी लागली की घरातले कान टवकारायचे आणि इंग्रजी लागली की मी. टेंटेटिव्ह हा शब्द मी कुठल्याही डिक्शनरीत शिकलो नाही. "टेंटेटिव्ह प्रॉड आउटसाइड द ऑफ स्टंप" असं ऐकायचो, आणि नंतर टीव्हीवर तो फलंदाज बघितला, पाय अर्धा पुढे, बॅट अर्धी पुढे, मन मागे. त्या क्षणी शब्द कळला तो कायमचा. पुढे नोकरीत "टेंटेटिव्ह डेट" आलं तेव्हा मला तीच अर्धी पुढे आलेली बॅट दिसली. तसाच डॉगेड. "डॉगेड डिफेन्स" म्हणजे कुत्र्यासारखा चिवट, काही झालं तरी सोडणार नाही असा. फ्लॅम्बॉयंट, रॅश, ग्रिटी, इम्पेकेबल, असे पन्नास-साठ शब्द मला क्रिकेटनेच दिले. ज्याला जे आवडतं त्यातून शब्द येतात. कुणाला स्वयंपाक आवडत असेल तर इंग्रजी रेसिपी वाचा, सिमर आणि बॉइल यांतला फरक दूध उतू गेल्यावर कधीच विसरणार नाही.

टाचणी (४ ऑगस्ट, दुपारी ४:१०)

ऑफस्टंपराव, फार सुंदर लिहिलंत, फक्त एक टाचणी टोचते: त्याचा उच्चार डॉगेड नाही, डॉगिड. दोन अवयव आहेत, म्हणजे डॉ-गिड असा दोन तुकड्यांत म्हणायचा.

आणि त्यावरून महत्त्वाचं. वाचून शब्द वाढवणाऱ्यांची खरी अडचण उच्चाराची असते. एपिटोम नव्हे, एपिटमी. हायपरबोल नव्हे, हायपर्बली. सब्टल नव्हे, सटल. चुकीचा उच्चार मनात बसला की शब्द ऐकताना ओळखूच येत नाही, आणि बोलताना भीती वाटते म्हणून आपण तो टाळतो. मी वहीत प्रत्येक शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहिते, आपल्या लिपीचा हा मोठाच फायदा आहे. पण तिच्याही मर्यादा आहेत. वाइन म्हणजे दारू आणि वाइन म्हणजे वेल, दोन्ही आपण व-नेच लिहितो, इंग्रजीत एकीला ओठ गोल करायचे आणि दुसरीला दात ओठावर टेकवायचे. आणि आघात तर आपण लिहीतच नाही. फोटोग्राफमध्ये जोर फो-वर, फटॉग्रफरमध्ये टॉ-वर. रेकॉर्ड हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मी जोराचं अक्षर लाल पेनने लिहिते. आता ऑनलाइन डिक्शनऱ्यांत स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून तीनदा मोठ्याने म्हणायचं आणि मगच लिहायचं.

ऑफस्टंप_बाहेर (४ ऑगस्ट, दुपारी ४:२२)

डॉगिड. तीनदा मोठ्याने म्हटलं. मनापासून आभार.

शब्दवेडी (४ ऑगस्ट, रात्री ९:००)

माझ्या लाडक्या विषयावर अजून कुणीच कसं बोललं नाही? मुळं! मराठी माणसाजवळ लॅटिनची किल्ली आधीपासून आहे कारण संस्कृत आणि लॅटिन या बहिणी. विल्यम जोन्स या भाषापंडिताने १७८६ मध्ये कलकत्त्याला हे जाहीर व्याख्यानात मांडलं. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, अग्नी आणि इग्नाइट, नौ आणि नेव्हल, सर्प आणि सर्पंट, दान आणि डोनेट, नव आणि रिनोव्हेट, युवा आणि रिजुव्हिनेट. अमर्त्य म्हणजेच इम्मॉर्टल, अ च्या जागी इम् एवढाच फरक. व्होसिफरस हा शब्द मला किती दिवस लक्षात राहत नव्हता, मग कळलं की त्यात वाक् आहे आणि भरणे-वाहणे मधला भर आहे, आवाज भरभरून वाहणारा. संपलं, पक्का झाला.

आणि माझा सगळ्यात आवडता: सद् म्हणजे बसणे. त्यावरून सदन, परिषद, संसद. लॅटिनमध्ये तोच धातू सेड, त्यावरून सेडेंटरी म्हणजे बैठा, सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ, आणि सेशन. म्हणजे "संसदेचं सेशन" या दोन शब्दांत एकच धातू दोनदा बसलाय. संत आणि सेंट पण तसंच.

भाषेचा_विद्यार्थी (४ ऑगस्ट, रात्री ९:४५)

शब्दवेडीताई, बाकी सगळी यादी बरोबर, शेवटचा मात्र नाही. सेंट आला लॅटिन सँक्टसवरून, म्हणजे पवित्र केलेला. आपला संत आला सत् वरून, अस् म्हणजे असणे या धातूपासून, जो खरोखर 'आहे' तो. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. पण याहून गोड गोष्ट पुढे आहे. सत्-चं लॅटिन भावंड इंग्रजीत आहे, ते ॲबसेंट आणि प्रेझेंट यांच्या शेपटीत. तो 'सेंट' म्हणजे असणारा. वर्गात हजेरीला "प्रेझेंट सर" म्हणताना आपण सगळे संताच्या नात्यातलाच शब्द म्हणत होतो.

म्हणून मुळं शिका, पण प्रत्येक वेळी डिक्शनरीत व्युत्पत्ती बघून खात्री करा. दिसण्यावर जाऊ नका.

शब्दवेडी (४ ऑगस्ट, रात्री ९:५२)

अगं बाई! इतकी वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले. दुरुस्ती मान्य, आणि प्रेझेंटचं ऐकून अंगावर काटा आला.

पाटीपेन्सिल (४ ऑगस्ट, रात्री १०:०५)

विषयांतर करते, रागावू नका. उलट दिशेने पण शब्द गेलेत ना? म्हणजे मराठीतून इंग्रजीत?

भाषेचा_विद्यार्थी (४ ऑगस्ट, रात्री १०:२०)

गेलेत. सगळ्यात पक्कं उदाहरण मुंगूस. मराठीतून तो इंग्रजीत मंगूस झाला. त्याचा गूस म्हणजे हंस नव्हे, म्हणून अनेकवचन मंगीस होत नाही, मंगूसेस होतं. बाकी भारतीय भाषांतून गेलेले तर ढीगभर आहेत: लूट, ठग, बंगला, खाट वरून कॉट, चांपणे वरून शांपू, तेलुगूतल्या पंदिकोक्कु म्हणजे डुक्कर-उंदरावरून बँडिकूट. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी अशा शब्दांचा अख्खा जाडजूड कोश केला.

बंब_पेटला (४ ऑगस्ट, रात्री १०:२४)

म्हणजे वाघिणीच्या दुधात आमचं मुंगूस आधीच पोहून आलंय. चिपळूणकरांना कळवा कुणीतरी.

निवृत्त_मास्तर (४ ऑगस्ट, रात्री १०:३०)

बंबराव, झोपायच्या वेळी एवढं हसवू नका.

लीड्सची_नर्सताई (५ ऑगस्ट, पहाटे ३:१०)

रात्रपाळीतल्या ब्रेकमध्ये लिहितेय, शुद्धलेखन समजून घ्या. मी मूळची कोल्हापूरची, सहा वर्षं झाली इकडे. आयईएलटीएसमध्ये (परदेशी जाण्यासाठी द्यायची इंग्रजीची परीक्षा) लेखनाचे चार निकष असतात आणि चारही सारख्याच वजनाचे, त्यातला एक शब्दसंपत्तीचा. पहिल्या वेळी मी ठासून मोठे शब्द भरले, प्लेथोरा, मिरियाड, पॅरामाउंट, दर दोन ओळींत एक. साडेसहा आले. दुसऱ्या वेळी माझ्या मैत्रिणीने सांगितलं की जे तू स्वतः दहा ठिकाणी वाचलेलं आहेस तेवढंच लिही, बाकी सोड. तेव्हा सात आले. खोटा दागिना तपासणाऱ्याला लगेच दिसतो.

पण खरं ॲडव्हान्स्ड इंग्रजी मला वॉर्डात आल्यावर कळलं आणि त्यात एकही मोठा शब्द नाही. पेशंट व्हॉमिट म्हणत नाही, थ्रो अप म्हणतो. शुद्धीवर आला म्हणजे केम राउंड. सहन करते म्हणजे पुट अप विथ. आजारी म्हणजे पुअरली, जरा पांढरीफटक पडली म्हणजे पीकी. पहिल्या महिन्यात एक आजी मला म्हणाल्या की मला स्पेंड अ पेनी करायचंय. मी त्यांना दुकानाचं विचारायला लागले तर शेजारच्या नर्सने हात धरून बाथरूम दाखवलं. पूर्वी इकडे सार्वजनिक शौचालयाला एक पेनी पडायची, त्यावरून आलेला जुना शब्दप्रयोग. आणि इकडे "आय पास्ड आउट इन ट्वेंटी फिफ्टीन" म्हणू नका, त्यांना वाटतं तुम्ही चक्कर येऊन पडलात. ग्रॅज्युएटेड म्हणा. तसंच "आय हॅव अ डाऊट" म्हटलं की त्यांना संशय वाटतो, क्वेश्चन म्हणा.

पुट, गेट, कम, टेक, टर्न, ही पाच साधी क्रियापदं आणि त्यांच्यामागे लागणारे अप, आउट, ऑफ, ओव्हर. हे ज्याला जमलं त्याला इंग्रजी जमलं असं माझं ठाम मत झालंय. चला, बेल वाजली.

दुपारची_भाकरी (५ ऑगस्ट, सकाळी ८:००)

ताई, तुमची पोस्ट मी वहीत उतरवून घेतली. आजींना वेळेत पोचवलंत ना?

लीड्सची_नर्सताई (५ ऑगस्ट, दुपारी १२:४०)

हो हो, पोचवलं. नंतर त्या मला रोज एक नवा शब्द शिकवायच्या, डिस्चार्ज होईपर्यंत.

गणित_मांडा (५ ऑगस्ट, रात्री ८:१५)

मास्तरांच्या आकड्यांत भर घालतो. पॉल नेशन, हेही न्यूझीलंडचे, त्यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दगट लागतात. शब्दगट म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसिजन हे सगळं मिळून एक कुटुंब. ९८ टक्के म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी. नव्वद टक्के कळतं म्हणजे तीस अनोळखी, त्यात वाचन दमवतं.

समजा जाईजुईकडे आज पाच हजार गट आहेत. चार हजार हवेत. रोज तीन म्हणजे वर्षाला १०९५. पावणेचार वर्षांत पूर्ण. रोज दहा घेतले तर कागदावर साधारण तेरा महिन्यांत होईल, पण उजळणीचा डोंगर एवढा वाढतो की तिसऱ्या महिन्यात वही बंद पडते, हे माझं स्वतःचं नाही तर तिच्या ९०० च्या वहीचंच उदाहरण आहे.

खारीबिस्किट (५ ऑगस्ट, रात्री ८:४०)

तीन फारच कमी होतात हो. मी दिवसाला तीस करायचो.

गणित_मांडा (५ ऑगस्ट, रात्री ८:४४)

तुम्हाला परीक्षेची तारीख होती आणि त्यासाठी चार महिने सुट्टी होती. तिला नोकरी आहे आणि अर्धा तास आहे.

खारीबिस्किट (५ ऑगस्ट, रात्री ८:५१)

बरोबर आहे. तीस सोडा, पाच करा, मध्यावर भेटू.

कापूस_पऱ्हाटी (५ ऑगस्ट, रात्री ११:३०)

सगळे छान लिहिताहेत पण मला एक गोष्ट बोलायचीय आणि ती मनाला लागलेली आहे म्हणून बोलतो. मी यवतमाळचा. कॉलेजात कॉन्व्हेंटची मुलं बोलायला लागली की आम्ही मराठी माध्यमवाले मागच्या बाकावर गप्प. विषय आम्हाला येत होता, शब्द त्यांना येत होते, आणि मार्क बोलणाऱ्याला मिळत होते. दहा वर्षं झाली त्याला. जाईजुई ज्या कॉलबद्दल सांगतेय ती शांतता मला ओळखीची आहे. म्हणून शब्द वाढवणं हा आमच्यासाठी छंद नाही, ती जागा परत मिळवणं आहे.

अनुवादिका (६ ऑगस्ट, सकाळी ९:२०)

कापूस_पऱ्हाटी, तुमचं वाचून थोडा वेळ थांबले. मी पण मराठी माध्यमाची, आज इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत अनुवाद हेच पोटापाण्याचं काम. तुम्हाला आणि जाईजुईला एक सांगते: ज्यांची मराठी पक्की आहे त्यांना इंग्रजीच्या छटा लवकर कळतात, कारण छटा असतात हेच त्यांना आधी माहीत असतं. सॅड, ग्लूमी, मेलन्कली, विस्टफुल. डिक्शनरी चौघांपुढे उदास लिहील. पण तुमच्याकडे उदास आहे, खिन्न आहे, विषण्ण आहे, आणि हुरहूर आहे. विस्टफुल म्हणजे हुरहुरतं मन, जे गेलंय किंवा मिळणार नाही त्याच्याकडे बघत असलेलं. हुरहूर ज्याने अनुभवलीय त्याला विस्टफुल एका क्षणात कळतो. ऑकवर्डला अवघडल्यासारखं, फसीला किरकिऱ्या किंवा चिकित्सक, कुठे कोणता ते बघून.

पण लिहायला लागलात की इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी वापरा, तीही शिकणाऱ्यांसाठी केलेली. १९७८ च्या लाँगमनच्या डिक्शनरीत सगळे अर्थ जेमतेम २००० सोप्या शब्दांत सांगितले होते, तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्यात उदाहरणाची वाक्यं असतात, तीच खरी कामाची, अर्थापेक्षाही. उलट दिशेला जायचं असेल तर, मराठी शब्दाचं इंग्रजी हवं असेल तर, मी अजूनही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडते. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची दुसरी. त्यात एका मराठी शब्दापुढे इंग्रजीच्या पाच-सहा छटा सापडतात. काही शब्द आता जुने झालेत, ते आजच्या डिक्शनरीत ताडून मगच वापरायचे.

जाईजुई, तुझ्या आईचं पाणचट? इंग्रजीत वॉटरी आणि इन्सिपिड. वॉटरी रश्शाला, इन्सिपिड चवीला, आणि एखाद्या रटाळ भाषणालाही चालतो. करपट म्हणजे स्कॉर्च्ड किंवा बर्न्ट टेस्ट.

कापूस_पऱ्हाटी (६ ऑगस्ट, सकाळी ९:५५)

ताई, हुरहूर आणि विस्टफुल... धन्यवाद एवढंच म्हणतो.

साधं_सरळ (६ ऑगस्ट, दुपारी २:००)

मोल्सवर्थ इंटरनेटवर शोधता येतो, मी आत्ताच पाहिला आणि दोन तास कसे गेले कळलं नाही.

जाईजुई_लातूर (२७ ऑगस्ट, रात्री १०:४०)

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. तुमच्या सगळ्यांचं एकत्र करून जे चाललंय ते सांगते.

जुनी वही बाजूला ठेवली. रोज रात्री एकच लेख वाचते आणि त्यातून तीनच शब्द उचलते, ते पण असे की "हा मला या आठवड्यात ऑफिसात लागला असता" असं वाटलं तरच. शब्द एकटा लिहीत नाही, लेखातलं अख्खं वाक्य लिहिते आणि खाली माझ्या कामातलं एक वाक्य. टाचणीताई, जोराचं अक्षर लाल पेनने. मग अंकीत टाकते आणि सकाळी बसमध्ये उजळणी. मागच्या बाजूला मराठीतली छटा, पण ती मी स्वतः शोधते, आईला फोन करून सुद्धा. तिला इंग्रजी येत नाही पण मी प्रसंग सांगते आणि ती मला शब्द देते, आणि आम्ही दोघी फार बोलतो यामुळे.

५४ शब्द झालेत. गेल्या मंगळवारी कॉलवर रिकरिंग इश्यू म्हणाले, आधी मी सेम प्रॉब्लेम अगेन अँड अगेन म्हणायचे. पलीकडून लगेच उत्तर आलं, परत काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता एक अडलंय. रिलक्टंट आणि हेझिटंट. दोन्हींपुढे डिक्शनरीत मागेपुढे होणारा असंच काहीसं दिसतं. उद्या मला एका डेव्हलपरबद्दल लिहायचंय, तो आमचे बग मान्य करायला तयारच होत नाही. कोणता?

अनुवादिका (२७ ऑगस्ट, रात्री ११:०२)

रिलक्टंट. त्याचं मन ठरलेलं आहे, त्याला ते करायचंच नाहीये, म्हणून तो कां-कूं करतोय. हेझिटंट म्हणजे मनच ठरत नाहीये, दारात घुटमळतोय. "ही वॉज रिलक्टंट टू ॲडमिट" ही जोडी अगदी रुळलेली आहे, डोळे मिटून लिही.

ऑफस्टंप_बाहेर (२७ ऑगस्ट, रात्री ११:१०)

आणि हेझिटंट म्हणजे धाव घेऊ की नको करत खेळपट्टीच्या मध्ये उभा राहिलेला. तो रन आउट होतो. रिलक्टंट तर क्रीजमधून निघतच नाही.

जाईजुई_लातूर (२७ ऑगस्ट, रात्री ११:१४)

दोन्ही डोळ्यांसमोर दिसले. ५५ आणि ५६. लिहून घेतले, झोपते, सकाळी नऊला कॉल आहे.